धीराचे खाते

जुन्या गिऱ्हाइकाचे मोल पेढीवर बसणाऱ्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. एखाद्या हंगामात माल हलका निघाला म्हणून असे गिऱ्हाईक लगेच दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. ते एक-दोन वेळा बोलून दाखवते, थोडे थांबते आणि पुन्हा त्याच दारात येते. परंतु सलग सोळा वर्षे माल हलका निघत राहिला आणि तरीही गिऱ्हाईक त्याच दारात उभे राहिले, तर त्याच्या धीराला काय म्हणावे आणि दुकानदाराने त्या धीराची परतफेड कशी करावी, हा प्रश्न सोपा राहत नाही. अमेरिकेतील सॅक्रामेंटो या शहराने हा प्रश्न बास्केटबॉलच्या मैदानावर अनुभवला आहे.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी. सरकारी कचेऱ्या, नदीकाठची वस्ती आणि सभोवती भाताची शेते व बदामाच्या बागा, असे त्याचे रूप आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन वैभवशाली शहरांपुढे त्याचे नाव क्वचितच कोणी घेत असे. १९८५ साली कॅन्सस सिटीहून एक व्यावसायिक बास्केटबॉल संघ येथे आला आणि ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ हे नाव देशाच्या नकाशावर आले. संघ तसा जुना आणि फिरता. रॉचेस्टर येथे असताना १९५१ साली त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी आणि अखेर सॅक्रामेंटो असा त्याचा प्रवास झाला. ते १९५१ चे अजिंक्यपद आजवरचे शेवटचे ठरले आहे.

शहराने मात्र या फिरत्या संघाला घरच्या लेकराप्रमाणे जवळ केले. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळाचा संघ तेव्हा शहराकडे नव्हता, त्यामुळे सारा जिव्हाळा एकाच ठिकाणी एकवटला. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराची खेडवळ म्हणून थट्टा केली, तेव्हा चाहते रागावून घरी बसले नाहीत. गाईच्या गळ्यात बांधतात तशा घंटा घेऊन ते मैदानात आले आणि प्रतिस्पर्ध्यांचे कान किटेपर्यंत त्या वाजवू लागले. लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेली गोष्ट त्यांनी स्वतःची खूण करून टाकली.

त्या घंटांना एक काळ साजेसा होता. रिक ॲडलमन यांच्या मार्गदर्शनाखाली क्रिस वेबर, व्लादे दिवाच, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी आणि डग क्रिस्टी यांचा संघ अतिशय देखणा खेळ करीत असे. २००१-०२ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी ६१ सामने जिंकले. त्या वर्षी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर त्यांची गाठ लेकर्सशी पडली. सात सामन्यांच्या त्या मालिकेत किंग्ज तीन विरुद्ध दोन असे पुढे होते. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या चरणात पंचांनी लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो दिले; त्या निर्णयांविषयी आजही तावातावाने बोलले जाते. सातवा सामना सॅक्रामेंटोतच झाला, जादा वेळेपर्यंत गेला आणि किंग्ज तो हरले. शिखर हाताच्या अंतरावरून निसटले.

यानंतरची उतरण समजून घेण्यासाठी या स्पर्धेची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत ३० संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यांपैकी ४१ आपल्या घरच्या मैदानावर. त्यानंतर १६ संघ प्लेऑफ नावाच्या बाद फेरीत जातात. म्हणजे निम्म्याहून अधिक संघांना तेथे जागा मिळते. अशा उदार पंगतीत एखाद्या संघाला सलग सोळा हंगाम पान मिळू नये, हे या स्पर्धेच्या इतिहासात दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत घडलेले नाही. किंग्ज २००६ साली बाद फेरीत खेळले आणि त्यानंतर थेट २०२३ साली.

या सोळा हंगामांत चाहत्याचे वर्ष कसे जात असे? ऑक्टोबरमध्ये नव्या खेळाडूंची नावे पाठ होत. डिसेंबरपर्यंत आशा टिके. फेब्रुवारीत गणिते सुरू होत, की पुढचे इतके सामने जिंकले आणि अमुक संघ हरला तर अजून वाट आहे. मार्चमध्ये ती वाट बंद होई. मग मे महिन्यात, इतर शहरे बाद फेरीचे सामने पाहत असताना, सॅक्रामेंटोचा चाहता सोडतीकडे डोळे लावून बसे. नव्या दमाच्या खेळाडूंची निवड कोणी आधी करावी, हे ठरवण्यासाठी तळाच्या संघांची सोडत काढली जाते. एका यंत्रात क्रमांक लिहिलेले चौदा चेंडू फिरत आणि साधारणपणे तळाच्या संघांना पहिल्या क्रमांकाची संधी अधिक असे. हरण्याच्या बदल्यात मिळणारे एवढेच व्याज. तेही नेहमी नीट गुंतवले गेले असे नाही. २०१८ साली किंग्जना दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यांनी मार्विन बॅगली याला घेतले. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला लुका डॉनचिच पुढे डॅलसच्या संघाचा आधारस्तंभ झाला.

या काळात पराभवापेक्षाही मोठे एक भय शहराने सोसले. संघाचे मालक मालूफ कुटुंब तो दुसरीकडे हलवण्याच्या विचारात होते. २०११ साली ॲनाहाइम शहराचे नाव पुढे आले. त्या वर्षीच्या अखेरच्या सामन्यानंतर हा निरोपाचा दिवस आहे असे समजून प्रेक्षक जागेवरून उठले नाहीत. सामना हरला होता, दिवे मालवण्याची वेळ झाली होती, तरी लोक तेथेच थांबले. तो विचार मागे पडला. २०१३ साली सिएटलच्या गुंतवणूकदारांशी विक्रीचा करार झाला, तेव्हा मात्र संघ जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखे होते. शहराचे महापौर केविन जॉन्सन हे स्वतः एकेकाळचे नामवंत बास्केटबॉलपटू. त्यांनी संघ येथेच ठेवू इच्छिणारा खरेदीदारांचा गट उभा केला. मे २०१३ मध्ये एनबीएच्या मालकमंडळाने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले.

त्या गटाचे प्रमुख होते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले आणि जुहूत वाढलेले रणदिवे शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, संगणक क्षेत्रात त्यांनी टिबको ही कंपनी उभारली आणि एनबीए संघाचे बहुमताचे मालक होणारे ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ ठरले. संघाची किंमत तेव्हा ५३ कोटी ४० लाख डॉलर धरण्यात आली. नव्या क्रीडागृहाला सुमारे ५५ कोटी डॉलर लागले. त्यांपैकी २५ कोटींहून अधिक भार शहराने उचलला, तोही मुख्यतः आपल्या वाहनतळांच्या उत्पन्नावर रोखे काढून. २०१६ साली हे ‘गोल्डन वन सेंटर’ उघडले. याचा अर्थ असा, की जो माणूस कधी सामना पाहायला गेला नाही, पण बाजारात गाडी उभी करून जात होता, त्याचाही पैसा या संघात गुंतला.

येथवर कथा संकटातून सुटकेची वाटते. परंतु संघ वाचवणे आणि संघ घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. २००६ पासून २०२२ पर्यंतच्या सोळा हंगामांत किंग्जनी अकरा प्रशिक्षक पाहिले. दर दीड वर्षाने मुनीम बदलणाऱ्या पेढीची वही कशी असेल, याची कल्पना व्यापारी घरांना सहज येईल. प्रत्येक नवा मुनीम आधीच्याची मांडणी मोडतो, आपली आखतो आणि ती भरण्याआधीच जातो.

त्यातही चाहत्याच्या मनाला अधिक लागणारी गोष्ट निराळी होती. संघ अगदी बुडालेला असताना प्रशिक्षक गेला, तर कोणी हळहळत नाही. किंग्जनी मात्र सुधारणा दिसू लागताच मांडलेला डाव मोडण्याचे प्रकार केले. २०१४ च्या हंगामाची सुरुवात मायकेल मलोन यांच्या हाताखाली आशादायक झाली. संघाचा प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी पडला, काही सामने हातचे गेले आणि ११ विजय, १३ पराभव अशा स्थितीत डिसेंबरमध्येच मलोन यांना दूर करण्यात आले. हेच मलोन पुढे डेन्व्हरला गेले. तेथे त्यांना वर्षानुवर्षे काम करू दिले गेले आणि २०२३ साली त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. २०१८-१९ मध्ये डेव्ह येगर यांनी आदल्या वर्षीच्या २७ विजयांवरून संघाला ३९ पर्यंत नेले. बारा वर्षांत इतके विजय मिळाले नव्हते. हंगाम संपताच त्यांनाही निरोप मिळाला.

असे का होते, याचे एक कारण या व्यवसायाच्या रचनेतच आहे. एनबीएमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा मोठा पैसा सर्व संघांत वाटला जातो, मग तो जिंकणारा असो वा हरणारा. संघांची संख्या मर्यादित, खरेदीदार मात्र पुष्कळ; त्यामुळे मैदानावर पराभव होत असतानाही संघाची बाजारकिंमत चढतच राहते. ५३ कोटींच्या या संघाची किंमत दहा-अकरा वर्षांत तीन अब्ज डॉलरच्या वर आकारली जाऊ लागली. मैदानातील तोटा ताळेबंदात उतरत नाही. तो उतरतो चाहत्याच्या खात्यात, कारण त्याने दिलेला वेळ, पैसा आणि रात्रींची झोप यांपैकी काहीच कोणत्याही रोख्यात वाढत नाही. जे गिऱ्हाईक कधीच सोडून जाणार नाही, त्याच्यासाठी माल सुधारण्याची घाई कोणाला असणार, ही शंका अशा वेळी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

तथापि निव्वळ संशयावर या कथेचा निकाल लावणे अन्यायाचे होईल. याच मालकांनी शहराला दिलेला शब्द पाळून संघ येथेच ठेवला. आपल्या जन्मगावाशी असलेले नातेही रणदिवे यांनी जपले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातील पहिले सामने मुंबईत वरळी येथे झाले, तेव्हा किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे दोन संघ समोरासमोर उभे होते. पहिल्या दिवशीचा प्रेक्षकवर्ग म्हणजे सुमारे तीन हजार शाळकरी मुले. सामना जादा वेळेपर्यंत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. हरण्याची किंग्जची ही रीत सॅक्रामेंटोकरांना चांगलीच ओळखीची होती. मुंबईच्या मुलांनी ती प्रथमच पाहिली.

त्या वेळी पेसर्सकडे डोमंटास सबोनिस नावाचा उंचपुरा लिथुआनियन खेळाडू होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो किंग्जकडे आला. त्याच्या बदल्यात टायरीस हॅलिबर्टन हा तरुण, हसतमुख आणि शहराचा अत्यंत लाडका खेळाडू द्यावा लागला. चाहत्यांचा संताप अनावर झाला. पुन्हा एकदा उद्याचे बी विकून आजची भाकरी घेतली, असेच बहुतेकांना वाटले. पुढील काळाने मात्र हा दोन्ही पक्षांना फळलेला सौदा असल्याचे दाखवले. हॅलिबर्टनच्या जोरावर पेसर्स २०२५ साली अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि किंग्जना तर त्याचे फळ एका वर्षातच मिळाले.

२०२२ च्या उन्हाळ्यात माइक ब्राउन प्रशिक्षक म्हणून आले. आदल्या हंगामाची जमा होती ३० विजय, ५२ पराभव. नव्या हंगामातील पहिले चारही सामने संघ हरला. एरवी एवढ्यावर नेहमीची कुजबुज सुरू झाली असती. या वेळी मांडणी बदलली गेली नाही. चेंडू सबोनिसच्या हाती द्यायचा, भोवती नेमबाजांनी अखंड फिरत राहायचे आणि शेवटच्या मिनिटांत डीॲरन फॉक्सच्या वेगावर भरवसा ठेवायचा, ही रीत तशीच चालू राहिली. नोव्हेंबरमध्ये सलग सात सामने जिंकले गेले. फेब्रुवारीत लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून १७६-१७५ असा विजय मिळाला. एनबीएच्या इतिहासात याहून अधिक गुणांचा सामना केवळ एकच झाला आहे. मार्चच्या अखेरीस बाद फेरीतील प्रवेश निश्चित झाला. हंगामाची अंतिम नोंद ४८ विजय आणि ३४ पराभव अशी झाली. पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळाले. ब्राउन यांची वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून एकमताने निवड झाली.

त्याच हंगामात एक नवी प्रथा सुरू झाली. सामना जिंकला, की क्रीडागृहाच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचे किरण सरळ आभाळात सोडले जात. कळ दाबायला खेळाडू पुढे येत आणि सारे क्रीडागृह ‘लाइट द बीम’ असा घोष करी. ज्याला तिकीट परवडत नव्हते, जो रात्रपाळीला होता, जी आजी अंगणात बसली होती, त्या सर्वांना वर पाहून कळे, की आज आपण जिंकलो. विजयाची वार्ता शहराच्या डोक्यावर लिहिली जाऊ लागली. ज्या वाहनतळावाल्या शहराचा पैसा त्या इमारतीत गुंतला होता, त्याला प्रथमच काही परत मिळाले.

बाद फेरीत गाठ पडली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या गतविजेत्यांशी. एप्रिल २०२३ च्या पहिल्या सामन्यात किंग्ज १२६-१२३ असे जिंकले. बाद फेरीत पहिल्यांदाच खेळणाऱ्या फॉक्सने ३८ गुण केले. पुढे त्याच्या नेम धरणाऱ्या हाताचे बोट मोडले, तरी तो खेळत राहिला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. सॅक्रामेंटोतील त्या सामन्यात स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले आणि किंग्ज १००-१२० असे हरले. २००२ प्रमाणेच सातवा सामना, घरचेच मैदान आणि पराभव. तरीही या वेळी लोक घरी परतले ते वेगळ्या मनाने. हरल्याचे दुःख करण्याइतके काही हाती आले होते, हेच सोळा वर्षांनंतर नवे होते.

कथा येथे थांबवली असती, तर वाचकाला बरे वाटले असते. सत्य मात्र पुढे जाते. पुढच्या हंगामात संघाने ४६ सामने जिंकले, पण बाद फेरी हुकली. डिसेंबर २०२४ मध्ये १३ विजय आणि १८ पराभव अशी स्थिती असताना माइक ब्राउन यांना काढून टाकण्यात आले. काही आठवड्यांत फॉक्सही दुसऱ्या संघाकडे गेला. २००२ च्या त्या देखण्या संघातील डग क्रिस्टी यांच्याकडे सूत्रे आली आणि हंगाम ४० विजय, ४२ पराभवांवर संपला. जी चूक मलोन आणि येगर यांच्या वेळी झाली, तिचीच ही नवी आवृत्ती असल्याचे अनेकांना वाटले. दुसऱ्या बाजूने पाहणारे म्हणतात, की घसरण वेळीच ओळखणे हेही चालकाचे कर्तव्य असते. दोन्ही मतांत तथ्य असू शकते. परंतु एकूण हिशेब मांडला, तर एक गोष्ट ठळक दिसते: सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाने, म्हणजे चाहत्याने, सर्वांत अधिक धीर दाखवला, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता, त्यांचा धीर सर्वांत आधी सुटला. संघ जेव्हा जेव्हा वर आला, तेव्हा तेव्हा चालकांनी थोडा काळ का होईना, चाहत्यासारखे वागून पाहिले होते.

सुधारणेचा वेग नेहमी असमान असतो. दुकानाची घडी बसवणाऱ्या नव्या पिढीला, पडत्या काळात कारखाना हाती घेतलेल्या मुलाला किंवा सुनेला, पहिले चार सामने हरण्याची वेळ येतेच. त्या वेळी घरातील वडीलधारी माणसे काय करतात, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. आंधळेपणाने पाठ थोपटणे हा धीर नव्हे. सॅक्रामेंटोचे चाहतेही संघाला खडे बोल सुनावण्यात कधी मागे राहिले नाहीत. चूक दाखवायची, हिशेब मागायचा, आणि तरीही दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर हजर राहायचे, असा तो धीर आहे. तो मिळणाऱ्याने त्याला फुकटचे भांडवल समजू नये. विश्वासाने दिलेली ती उधारी असते, आणि तिच्यावर मुदत लिहिलेली नसली, तरी ती फेडायची असते.